तलावाच्या पायऱ्यांवरच्या तिघी

मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही, हे सुरुवातीलाच लिहून टाकते. गावात कुणाच्या अंगात आलं की बायका पुढे सरकतात आणि मी मागच्या मागे घरी येते. माझी नात मोबाईलवर लोकांचे असे अनुभव मला वाचून दाखवते, आणि मी दर वेळी तिला म्हणते — झोप झाली नसेल त्या माणसाची. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली… माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघांत मला बोलता येत नाही. म्हणून नातीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. कुणी वाचलं तर वाचलं.

आमचं घर तुमसर तालुक्यात, आंबागडच्या किल्ल्याच्या पायथ्याला. आम्ही ढिवर. बाबांनी जन्मभर तलावात आणि नदीत मासोळी धरली. लग्नानंतर मी तुमसरला राहायला गेले, पण बाबा गेल्यापासून आईजवळ येऊन राहते आहे.

आई म्हणजे माझी सावत्र आई, पार्बता. मला जन्म देणारी आई सायत्रा. मी दहा महिन्यांची असताना ती तापात गेली. माहेरीच गेली, साकोलीकडे, सानगडीजवळच्या एका लहान गावात. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. बाबांना वेळेवर निरोप मिळाला नाही, ते पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. त्यावरून बाबांची आणि मामांची बोलाचाली झाली आणि येणंजाणं तुटलं ते तुटलंच. बाबा सासुरवाडीचं नावही घेत नसत.

पार्बताआई आली तेव्हा मी दीड वर्षाची होते. आमच्यात रीत अशी की पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली, तर दुसरीनं पहिलीच्या नावाचा चांदीचा लहानसा टाक गळ्यात घालायचा. सवतीचा टाक म्हणतात. त्याच्यावर बाईचा आकार ठोकलेला असतो. आईनं तो एक दिवस काढला नाही. नवं लुगडं आणलं की आधी त्या टाकाला लावायची, "घे वो बाई, तू नेस," म्हणायची आणि मग स्वतः नेसायची. लहानपणी मी तिच्या मांडीवर बसून तो टाक बोटांत फिरवायची. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आणि तोंडाच्या जागी एक रेघ, एवढाच चेहरा. कितीतरी वर्षं मला वाटायचं की माझी जन्माची आई तशीच दिसत असेल.

आईनं मला काही कमी केलं नाही. पण चेहऱ्याचं सांगायचं तर, सायत्राचा चेहरा तिनंही पाहिला नव्हता.

बाबा गेल्यावरच्या दिवाळीआधी आम्ही घराला चुना मारायला काढला. भिंतीवरची शंकराची तसबीर उतरवली, तर मागचा पुठ्ठा सुटून हातात आला. पुठ्ठ्याच्या आणि शंकराच्या मध्ये एक फोटो होता. काळापांढरा, कडा पिवळ्या पडलेल्या. तलावाच्या दगडी पायऱ्यांवर तीन बायका उभ्या. तिघींचं लुगडं सारखं, कपाळावरचं कुंकू सारखं, नाकसुद्धा सारखं. मागे एक अक्षर लिहिलेलं नाही.

मी आईकडे पाहिलं. आईनं चुन्याचा हात पदराला पुसला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला.

"तुया बाप सांगे," ती म्हणाली, "तिघी बहिनी होत्या म्हने. एकीले झाका न् दुसरीले दाखवा."

"मंग यातली कोणती?"

"मले काय मालूम? मी तिले फक्त गळ्यात पाह्यली." मग ती ओट्यावर बसली आणि एकदम हसायलाच लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी. "बुढा मोठा हुशार निंगाला वो! पन्नास वर्सं मी या तसबिरीले उदबत्ती लावून राहिली. न् मांगं हे बसली होती, बाई!"

त्या दिवसापासून माझं कामात लक्ष लागेना. दुपारी दार लावून घ्यायची आणि फोटो आरशाला टेकवून एकेकीशी माझं तोंड ताडून पाहायची. मुलगा म्हणाला डावीकडची, सून म्हणाली मधली, नात म्हणाली उजवीकडची आणि वर तिनं मोबाईलमध्ये फोटो मोठा करून दाखवला. मोठा केला की तिघीही विरघळून जात. माझं वय छप्पन. छप्पन वर्षं मला आईचा चेहरा नव्हता, त्याची सवय झालेली होती. आता होता, पण तिघींमध्ये होता. ते जास्त वाईट.

डिसेंबरात एका लग्नात साकोलीकडचा एक नातलग भेटला. मी धीर करून विचारलं. तो म्हणाला, बाकी सगळे गेले, पण लहान मामी आहे. फार म्हातारी झाली, जास्त दिवसांची नाही. जायचं असेल तर लवकर जा.

रात्री मी आईला सांगताना चाचरत होते. तिला वाईट वाटेल असं मनात होतं. तिनं भाकर थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सकारची पहिली गाडी धरू."

"तू कायले येतं? तुये गुडघे—"

"मी कायले? पन्नास वर्सं तिले गळ्यात घेऊन फिरली मी. मले पाहू तं दे कोन आहे ते."

तुमसरहून भंडारा, भंडाऱ्याहून साकोली, साकोलीहून सानगडी आणि पुढं ऑटो. धान कापून झालं होतं, शेतातल्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. आईनं खिडकीची जागा सोडली नाही. तलाव दिसला की म्हणायची, "हा का?" मी म्हणायची, "नाही वो, अजून दूर आहे." त्या भागात तलाव किती, तिनं बारा वेळा तरी विचारलं असेल.

एक सांगायचं राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. आई नाकाडोंगरीकडची. तिचे वडील मँगनीजच्या खदानीत कामाला होते, ती तिथल्या मजुरांच्या चाळीत वाढली. पाण्याची तिला भीती. जाळं विणायचं काम तिला कधी आलं नाही. मी बाबांकडून शिकले, ती नाही. एकदा नवी असताना तिनं हातात सुई घेतली होती म्हणे, तर बाबा म्हणाले, "हे जाळं नोहे, कोंबड्याचं खुराडं झालं." तेव्हापासून तिनं सुईला हात लावला नाही. मी तर तिला कधीच विणताना पाहिलं नाही.

मामीचं घर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागूनच. अंगणात आंब्याचं झाड आणि त्याच्या बुंध्याला अर्धं विणलेलं जाळं बांधलेलं. मामेभाऊ तलावावर गेला होता. त्याची बायको, माझी वहिनी, घरी होती. मामी उन्हात बाजेवर बसली होती. हाडं आणि कातडी, पण आवाज खणखणीत.

मी पाया पडले, कोण ते सांगितलं. मामी माझे हात दाबत राहिली. मग म्हणाली, "सोबत कोन आहे?"

आई पुढं झाली. मामीनं तिच्या तोंडाकडे न पाहता तिच्या गळ्याकडे हात नेला. चाचपत चाचपत टाक सापडला. त्याच्यावरून तिनं अंगठा फिरवला.

"वहू," ती आत तोंड करून सुनेला ओरडली, "पाय धुवाले पानी आन. सायत्राबाई माहेराले आली." आणि आईला म्हणाली, "केवढा उशीर केला बाई! तुयासाठी पानी तापवून ठेवलं होतं, ते थंडं झालं ना."

टाक घातलेली बाई पहिलीच्या माहेरची लेक मानतात, ही पण रीतच आहे. पण बाबांच्या भांडणामुळे आईला ते माहेर कधी मिळालंच नव्हतं. वहिनीनं तिचे पाय धुतले, आई विधवा असली तरी माहेरची लेक म्हणून हळदीकुंकू लावलं. आई एरवी कुणाला उत्तर द्यायला मागं राहत नाही, पण तेव्हा ती खाली मान घालून बसली होती.

मग मी पिशवीतून फोटो काढला आणि मामीच्या हातात दिला. मामीनं तो पालथा धरला.

"मले कायले देतेस माय," ती म्हणाली. "दोन्ही डोये गेले. आता मले सूर्य बी अंगाले लागते तवा समजते."

मी काय लिहू… लग्नातल्या त्या नातलगानं सगळं सांगितलं, एवढं सांगितलं नव्हतं. सायत्राला पाहिलेलं शेवटचं माणूस माझ्यासमोर बसलं होतं आणि त्याला दिसत नव्हतं.

वहिनीनं खूप प्रयत्न केला. फोटो हातात घेऊन मामीला वर्णन करून सांगू लागली. मामी आठवून म्हणाली की तलाव मोजायला एक साहेब आला होता, त्यानं काढला. तिघी नणंदा तेव्हा माहेरी आलेल्या होत्या. "मी चुलीपाशी होती, मले कोनी बलावलं बी नाही," हे तिनं इतक्या वर्षांनी पुन्हा रागानं सांगितलं. उंची विचारली, तर तिघी वेगवेगळ्या पायरीवर उभ्या, उंची कळत नव्हती. नाकात काय आहे विचारलं, तर तिघींच्या नाकात तोच खडा. हात विचारले, तर तिघींचे हात पदराखाली. शेवटी मामी थकली. मीच म्हटलं, राहू द्या.

तोंड लपवायला जागा हवी म्हणून मी फोटो घेऊन पायऱ्यांवर गेले. पायऱ्या तशाच आहेत. एकीचा कोपरा तुटलेला फोटोत दिसतो, तसाच अजून तुटलेला. पाण्यात शिंगाड्याचे वेल पसरले होते आणि पाणकोंबड्या त्यांच्यावरून चालत होत्या. मी त्या तिघी जिथे उभ्या होत्या तिथे एकेका पायरीवर उभी राहून पाहिलं. तिन्ही पायऱ्या मला सारख्याच होत्या.

थोड्या वेळानं अंगणातून मामीचा आवाज आला, "वहू, जाळं विनून राहिली का?"

वहिनी घरातून म्हणाली, "नाही जी मामीजी, मी तं चहा मांडून राहिली."

"मंग कोन विनते?"

मी पाळीवरून अंगणात आले. आंब्याखाली आई बसली होती. जाळ्याची कड तिनं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणली होती आणि विणत होती. दोरा भरलेली बांबूची सुई आणि बांबूची पट्टी, जशी आम्ही धरतो तशी धरलेली. पट्टीवरून दोरा, वरच्या घरातून सुई, ओढ, गाठ. पुन्हा पट्टीवरून दोरा. माझ्यापेक्षा भरभर. मी वयाच्या आठव्या वर्षापासून जाळं विणते, तरी माझा हात तसा चालत नाही.

आणि सुई तिच्या डाव्या हातात होती. आई उजव्या हाताची आहे. पीठ, विळा, झाडू, सगळं उजव्या हातानं.

मी म्हटलं, "आई." तिनं ऐकलं नाही. पुन्हा म्हटलं, "आई, काय करून राहिली?" नाही. तिची नजर गाठींवर होती. खालचा ओठ तिनं एका बाजूनं दातांत दाबून धरला होता. असा ओठ धरलेलं तिला मी इतक्या वर्षांत पाहिलं नाही. तिला काम करताना बडबड लागते.

मामी बाजेवरून उतरली, हातानं जमीन चाचपत जाळ्यापाशी आली आणि नव्या ओळीवर बोटं ठेवली. एक गाठ, दुसरी, तिसरी… बोटं थांबली.

"ह्या गाठी वहूच्या नोहे," मामी हळू आवाजात म्हणाली. "ह्या उलट्या आहेत."

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती.

"सायत्राच्या उजव्या हाताचा अंगठा ल्हानपनीच गेला होता," मामी सांगू लागली. "डोंगा काठाले लावताना डोंगा न् दगडाच्या मधात चेंदला. मंग ते डाव्या हातानं विने. तिची गाठ उलटी पडे. तिनं सुरू केलेलं जाळं दुसऱ्या कोनाले पुढं विनता येत नसे, आम्ही तिले कायम बोलू. ते गेली तवा एक जाळं अर्धं राह्यलं होतं. तसंच राह्यलं, उंदरानं खाल्लं."

मी हातातला फोटो पाहिला. मला आधी एकीच्या तोंडापाशी कागदाला घडी पडली असं वाटत होतं. डावीकडची. खालचा ओठ एका बाजूनं आत गेलेला. मी फोटो आईच्या तोंडाजवळ धरला नाही, तेवढी हिंमत नव्हती. पण दोन्ही चेहरे मला एकदम दिसत होते.

"मामी," मी विचारलं, "तिची ओठाची काही सवय होती?"

"ओठ दाबे ना ते! खालचा. काम करता करता, बोलनी खाता खाता. तिच्या मायनं मारलं तरी ओठ सोडे नाही. तुले कोनं सांगतलं?"

मी आईकडे वळले.

मग आईचा हात थांबला. सुई मांडीवर पडली. तिनं ओठ सोडला, पायातून जाळं सोडवलं आणि आमच्या तिघींकडे पाहिलं.

"काय झालं? अशा काहून पाहून राहिल्या?"

"तू जाळं विनलं," मी म्हटलं.

"चाल! मले बाजेची सुतळी आवळता येत नाही."

वहिनीनं तिला नवी ओळ दाखवली. चार बोटं रुंद विणलं होतं. आईनं ते उलटसुलट करून पाहिलं, मग स्वतःचे दोन्ही हात पाहिले. "मी तं इथं बसली होती. ऊन चांगलं लागत होतं," एवढंच म्हणाली. वहिनी बिचारी घाबरली होती, तरी तिच्या तोंडातून निघून गेलं, "पन आत्याबाई, आता मी हे पुढं कसं विनू? गाठी उलट्या!" त्यावर सगळ्यात आधी मामी हसली आणि मग सगळ्याच हसलो. वहिनीनं तेवढा तुकडा कापून मला दिला.

निघताना मामीनं आईच्या ओटीत तांदूळ, नारळ आणि एक लुगडं घातलं. आईनं रस्त्यावर येताच लुगड्याचं टोक टाकाला लावलं. म्हणाली, "घे, तुया माहेरचं." गाडीत ती फोटो मांडीवर घेऊन बसली. मी डावीकडच्या बाईवर बोट ठेवलं. आईनं तिला खूप वेळ पाहिलं. "बरी आहे दिसाले," ती म्हणाली. "मी समजत होती लय सुंदर असंल. उगाच जळत राहिली मी तिच्यावर."

घरी आल्यावर मी आईच्या हातात सुई दिली. तिला दोरासुद्धा भरता आला नाही. दोन-तीन वेळा करून पाहिलं, मग तीच चिडली. मुलाला तुकडा दाखवला. तो आयटीआय शिकलेला आहे, विचार करणारा आहे. तो म्हणाला, आजीनं पन्नास वर्षं आजोबांना समोर बसून विणताना पाहिलं. समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. बघून बघून मनात उतरलं असेल, एक दिवस हातातून बाहेर आलं. ओठ तर कोणीही दाबतं. पटण्यासारखं आहे. मी त्याला हो म्हटलं. मग दुसऱ्यांदा का येत नाही, विचारलं, तर तो म्हणाला, ते मला नाही सांगता येणार. मलाही नाही. बाबांच्या बाजूनं, आईच्या बाजूनं, मामीच्या म्हातारपणाच्या बाजूनं, सगळीकडून विचार करून पाहिला. काही धागा हाताला लागतो आणि पुढे सुटतो. मामी त्या उन्हाळ्यात गेली.

एक गोष्ट मी मुलालाही सांगितली नाही, आईलाही नाही. वहिनीचे डोळे उलट्या गाठींवर होते आणि मामीला दिसत नव्हतं, म्हणून ती मला एकटीलाच ठाऊक आहे.

आई विणत असताना मी तिला दोनदा हाक मारली आणि तिनं ऐकली नाही, असं वर लिहिलं आहे. मामीनं ओठाचं सांगितल्यावर मी तिसऱ्यांदा हाक मारली होती. फार हळू. तेव्हा मी पार्बताआईला हाक मारली नव्हती. सायत्रा गेली तेव्हा मला बोलता येत नव्हतं, म्हणजे तिला मी जन्मात कधी हाक मारलेली नव्हती. "आई," म्हटलं.

तिनं विणता विणता मान वर केली, ओठ तसाच दाबलेला, माझ्याकडे पाहिलं आणि तितक्याच हळू "ओ" दिली. मग सुई पडली.